हिंगण्याची शेड, गांधीबागेतलं दुकान आणि एलईडीची दोन कोटेशनं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनची शेड, तिथे 250 वॅटचे वीस मेटल हॅलाइड, म्हणजे जुन्या पद्धतीचे मोठे दिवे. गांधीबागेत भावाचं साड्यांचं दुकान, तिथे साठ जुन्या ट्यूबलाइट. दोन्ही ठिकाणी एलईडी बसवायचे आहेत. दोन कोटेशनं आली आहेत, एक दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी, आणि दोन्हींवर ‘50,000 तास’ छापलेलं आहे. कोणतं घ्यावं, आणि बिल खरंच किती उतरेल?

बिलाचा हिशेब सोपा आहे, तो आधी उरकू. जुन्या ट्यूबवर 36 वॅट लिहिलेलं असतं, पण लोखंडी चोक आणखी 12 ते 14 वॅट खातो. म्हणजे एक पट्टी साधारण 50 वॅट. तिच्या जागी 20 वॅटचं चांगलं बॅटन, म्हणजे एलईडीची तयार पट्टी, पुरतं. साठ पट्ट्यांमागे 1.8 किलोवॅट वाचले. दुकान दिवसाला अकरा तास, महिन्यात 26 दिवस धरलं तर 515 युनिट होतात. व्यापारी दर सगळे आकार धरून 12 रुपये मानला तर महिन्याला सहा हजारांच्या आसपास. तुमच्या बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, असा तुमचा खरा दर काढा आणि तो इथे घाला. बॅटन अडीचशे-तीनशेचं मिळतं, मजुरी वेगळी. चार महिन्यांत पैसे वसूल. दुकानाच्या बाबतीत विचार करत बसण्यासारखं काही नाही, आजवर का थांबलात एवढंच विचारीन.

यात एक गोष्ट बहुतेक जण धरतच नाहीत. दिव्याने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उरते. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची ताकद. तुम्ही 1.8 किलोवॅटचे दिवे कमी केलेत, म्हणजे एसीवरचा अर्ध्या टनाचा बोजा उतरवलात. कॉम्प्रेसर चालू असेल त्या प्रत्येक तासाला आणखी अर्धा युनिट तरी वाचतो. नागपुरात मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात हा आकडा बिलात नीट दिसतो.

शेडचं गणित वेगळं. 250 वॅटचा मेटल हॅलाइड चोकसकट 280 वॅट ओढतो. त्याजागी 100 वॅटचा हायबे, म्हणजे उंच छतावरून टांगायचा एलईडी दिवा. वीस दिव्यांमागे 3.6 किलोवॅट, दिवसाला दहा तास धरले तर महिन्याला साडेनऊशे युनिटच्या आत-बाहेर. ऐकायला छान वाटतं. पण जिथे वेल्डिंग मशीन, शिअरिंग, ग्राइंडर आणि एअर कॉम्प्रेसर आहे तिथे दिव्यांचा वाटा एकूण बिलात लहानच असतो. ‘बिल अर्ध्यावर येईल’ असं जो सांगतो त्याने तुमचं बिल पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर हवेच्या पाइपातली फुसफुस बंद केली तरी बऱ्याच शेडमध्ये तेवढेच युनिट वाचतात, आणि त्याला कोटेशन लागत नाही.

तरीही शेडमध्ये एलईडी घ्याच, आणि त्याचं कारण फक्त युनिट नाही. मेटल हॅलाइड एकदा विझला की गार होऊन पुन्हा पूर्ण पेटायला दहा-पंधरा मिनिटं घेतो. वादळवाऱ्याच्या दिवसांत लाइट दोन सेकंद जरी झपकली तरी शेड काळोखात आणि माणसं हात बांधून उभी. एलईडी लगेच पेटतो. शिवाय जुना दिवा वर्षभरात पिवळट आणि मंद होत जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. नव्या 250 वॅटच्या दिव्यातून वीस हजार लुमेनच्या आसपास उजेड निघतो खरा, पण तो चौफेर फेकला जातो, अर्धाअधिक काळवंडलेल्या रिफ्लेक्टरमध्ये नाहीतर छतावर मरतो. 100 वॅटचा, वॅटमागे 130 लुमेन देणारा हायबे तेरा हजार लुमेन सरळ खाली देतो. म्हणून तो पुरतो. पण वॅटमागे 80 लुमेनवाला 100 वॅट घेतला तर नाही पुरणार. कोटेशनात वॅट नका पाहू, लुमेन पाहा, आणि तेही पूर्ण दिव्याचे, नुसत्या चिपचे नाही.

आता त्या दोन कोटेशनांकडे येऊ.

एलईडी दिव्यात दोन जीव असतात, उजेड देणारी चिप आणि मेनची वीज चिपला झेपेल अशी करून देणारा ड्रायव्हर. 50,000 तास हा दावा चिपचा असतो, तोही उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर येईपर्यंतचा. चिप खरंच टिकते. दिवसाला दहा तास आणि महिन्यात 26 दिवस धरले तर 50,000 तास म्हणजे सोळा वर्षं होतात. पण मी जे बंद पडलेले दिवे उघडतो, त्यांत दहापैकी आठ वेळा चिप ठणठणीत असते आणि ड्रायव्हर मेलेला असतो. ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने आतून सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. 35 अंशांच्या हवेत जो ड्रायव्हर 50,000 तास चालायचा, तो 55 अंशांत साडेबारा हजारांवर येतो, म्हणजे जेमतेम चार वर्षं.

आणि 55 अंश हा काही कल्पनेतला आकडा नाही. मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या पुढे असताना हिंगण्यातल्या कुठल्याही पत्र्याच्या शेडमध्ये शिडी लावून वर जा. ट्रसजवळ, म्हणजे छताच्या लोखंडी कैचीजवळ, श्वास घेववत नाही. आपण दिवा नेमका तिथेच टांगतो. पुण्यात बनवलेल्या कॅटलॉगचा दिवा पुण्यात जितका चालतो तितका इथे चालत नाही, यात कंपनीचा दोष शोधायला नको, हवेचा फरक आहे. म्हणून नागपुरात पहिला प्रश्न हा विचारायचा: ड्रायव्हर किती अंशांच्या हवेसाठी बनवलाय? लेबलवर ‘टीए’ पुढे आकडा असतो. 35 असेल तर परत करा. 50 हवा, निदान 45. ड्रायव्हरच्या डबीवर ‘टीसी’ नावाचा ठिपका असतो, तिथलं तापमान किती चढू द्यायचं तेही लिहिलेलं असतं. चांगला विक्रेता हे कागदावर देतो. जो ‘अरे भाऊ, काही नाही होत, सगळे हेच घेऊन राहिले’ म्हणतो त्याच्याकडून चहा प्या आणि उठा.

निम्म्या भावाचा दिवा बहुधा ‘डीओबी’ असतो, म्हणजे वेगळा ड्रायव्हरच नाही. चिपच्याच पाटीवर दोन-चार पुर्जे बसवून थेट 230 व्होल्ट दिलेले असतात. उघडून पाहायला दोन मिनिटं लागतात: मागचं झाकण काढा, वेगळी धातूची डबी दिसली तर ड्रायव्हर, नुसती पांढरी पाटी आणि तिच्यावर काळे ठिपके दिसले तर डीओबी. घरातल्या बाल्कनीला चालेल. शेडमध्ये तीन अडचणी आहेत. व्होल्टेजचा झटका थेट चिपवर जातो. पाटी मेनपासून वेगळी केलेली नसते, त्यामुळे अर्थिंग कच्चं असेल तर बॉडीला शॉक येऊ शकतो. तिसरी अडचण लुकलुकण्याची.

ही तिसरी जरा थांबून समजून घ्या, कारण तुमच्याकडे फिरती मशिनं आहेत. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिवा सेकंदाला 100 वेळा विझतो-पेटतो. डोळ्याला कळत नाही. पण लेथवर चार जबड्यांचा चक 1500 आरपीएमने फिरतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला 25 फेरे, आणि प्रत्येक जबड्याच्या जागी दुसरा जबडा सेकंदाला बरोबर 100 वेळा येतो. दिवाही 100 वेळा पेटतोय. चक थांबलेला दिसतो. नवीन पोरगं कामाला असेल तर हात घालायला वेळ लागत नाही. ट्यूबलाइटच्या काळात जुने वायरमन शेडमधल्या पट्ट्या मुद्दाम तीन फेजवर आळीपाळीने वाटत, ते याचसाठी. आज चांगल्या ड्रायव्हरने हा प्रश्न सुटतो, तरी तीन फेजवर वाटण्याची सवय सोडू नका. एक फेज गेली तरी शेड पूर्ण अंधारात जात नाही. तपासायला सोपं आहे. मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढा. उजेड धडधडताना किंवा काळे पट्टे सरकताना ठळक दिसले तर तो दिवा मशीनच्या डोक्यावर नको.

नागपुरातला दुसरा मारेकरी म्हणजे न्यूट्रल. थ्री-फेज मीटर असलेल्या जागेत पॅनलमधला न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला की सिंगल फेजवरच्या वस्तूंना 230 ऐवजी 350-400 व्होल्टपर्यंत मिळू शकतात. मग एका मिनिटात अर्धी शेड दिवे सोडते. कंपनी म्हणते व्होल्टेजमुळे गेले, वॉरंटी नाही. ती बरोबरच असते. म्हणून नवा दिवा चढवण्याआधी पॅनल बंद करून न्यूट्रल लिंकचा एकेक स्क्रू आवळून घ्या, काळवंडलेली लग असेल तर बदला. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हाच्या सर्जसाठी मेन पॅनलमध्ये टाइप-2 सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवा, पण अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडाठाक असेल तर त्याचा उपयोग शून्य. खड्ड्यात पाणी घाला, रेझिस्टन्स मोजून घ्या. 440 व्होल्ट काही तास सहन करणारे ड्रायव्हर बाजारात आहेत, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी वापरतात. शेडसाठीही तेच मागा, दीड-दोनशे रुपये जास्त पडले तरी.

बसवतानाही उष्णतेचं भान ठेवा. हायबे पत्र्याला चिकटवू नका, साखळीने किंवा पाइपने दोन-तीन फूट खाली आणा. वरची तापलेली हवा सुटली की ड्रायव्हरला आठ-दहा अंशांचा दिलासा मिळतो. क्रेन असेल तर हुकची उंची आधी मोजा. दिव्याच्या पाठीवरच्या पात्यांवर ग्राइंडिंगची धूळ साचली की गोधडी पांघरल्यासारखं होतं, सहा महिन्यांनी ब्लोअर मारा. बीम अँगलही विचारा. छत आठ-नऊ मीटर उंच असेल तर 60 किंवा 90 अंश, पाच-सहा मीटरला 120. उंचावरून 120 अंशांचा दिवा लावला तर भिंती छान उजळतात आणि जॉबवर अंधार राहतो.

शेडला किती उजेड हवा? साध्या कटिंग-वेल्डिंगला जमिनीपासून कंबरेच्या उंचीवर 200 ते 300 लक्स (चौरस मीटरमागे पडणारे लुमेन) पुरतात, मार्किंग आणि तपासणीच्या टेबलावर 500 च्या वर हवेत. सगळ्या शेडला 500 करायची गरज नाही. तपासणीच्या टेबलावर वेगळी पट्टी खाली टांगा. माल ठेवायच्या भागात 100 ते 150 खूप झाले, तिथे मोशन सेन्सर लावा. लक्स मीटर दोन-तीन हजारांत येतो, मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं ठीक.

आता गांधीबाग. तिथे मी युनिट बाजूला ठेवून रंगाबद्दल बोलेन.

साडीच्या दुकानात एक दृश्य रोज घडतं. बाईंना साडी आवडली, भावही जमला, आणि त्या साडी उचलून दाराशी जातात, पदर उन्हात धरून पाहतात. आणि म्हणतात, ‘आतमध्ये तर वेगळीच दिसत होती ना.’ तिथे अर्धी गिऱ्हाइकं गळतात. यामागे दिवा असतो. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा भासवतात. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झालं त्याला 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या मिश्रणात निळा भरपूर आणि गडद लाल कमी. म्हणून मरून, राणी, कुंकवासारखा लाल हे रंग स्वस्त दिव्याखाली विटकरी दिसतात. काळा आणि गडद निळा ओळखू येत नाहीत.

दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, हे सीआरआय नावाचा आकडा मोजतो. सूर्यप्रकाश 100. बाजारातलं साधं बॅटन 70-80. कपड्याला 90 च्या वर हवा, आणि विक्रेत्याला ‘आर-9 किती?’ असं वेगळं विचारा, तो गडद लालचा आकडा, कारण सीआरआयच्या सरासरीत गडद लाल धरतच नाहीत. आर-9 पन्नासच्या वर असेल तर शालू शालूसारखा दिसतो. 90 सीआरआयचा दिवा वॅटमागे दहा-पंधरा टक्के कमी उजेड देतो. देऊ दे. दुकान वीज वाचवायला उघडलेलं नाही, साड्या विकायला उघडलंय.

सगळ्या साठ ठिकाणी महागडा दिवा लावायचीही गरज नाही. गादीवर साडी उलगडतात तिथे आणि आरशासमोर 90 सीआरआय; गोदाम, जिना, मागचा पॅसेज इथे साधं बॅटन. रंगाचं तापमान (आकडा लहान तितका उजेड पिवळसर) 4000 केल्विन ठेवा, जरीच्या डिस्प्लेला 3000. आपल्याकडे 6500 चा निळसर पांढरा ‘जास्त उजेड’ वाटतो म्हणून सगळीकडे लावतात. त्याखाली जरी चांदीसारखी फिकी पडते आणि गिऱ्हाइकाचा चेहरा आजारी. इतवारीतल्या सराफ्यात हाच हिशेब उलटा-सुलटा होतो, सोन्याला 3000, हिऱ्याला नि चांदीला 5000 च्या वर, एकाच काउंटरवर दोन पट्ट्या.

आणि एक. दोन बाय दोनचे पॅनल लावून छत भरून टाकू नका. पॅनलचा उजेड सपाट पडतो, रेशमाची चमक मरते. गिऱ्हाईक फरशीकडे पाहत नाही, रॅककडे पाहतं. थोडे पॅनल, बाकी 36 अंशांचे ट्रॅकवरचे स्पॉट रॅकवर तिरके मारलेले, असं करा. मेटल हॅलाइडच्या तुलनेत एलईडीमध्ये अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे शोकेसमधल्या घडीवर रेघ पडायचं प्रमाण घटतं, पण थांबत नाही; साड्या फिरवत राहा.

वायरिंगबद्दल थोडं. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब घालायची असेल तर चोक, स्टार्टर आणि पट्टीतला जुना कपॅसिटर काढून टाका. ट्यूबला एका टोकाने सप्लाय द्यायचा की दोन्ही टोकांनी, हे कंपनीप्रमाणे बदलतं. चुकीचं जोडलं तर थेट शॉर्ट. पट्टीवर स्केचपेनने लिहून ठेवा, नाहीतर पुढचा वायरमन पुन्हा जुनी ट्यूब घालेल. मला विचाराल तर पट्टीच बदला. एका एमसीबीवर चाळीस ड्रायव्हर टाकले की सकाळी शटर उघडताच एमसीबी पडतो, कारण चालू होताना प्रत्येक ड्रायव्हर क्षणभर खूप करंट ओढतो. असा क्षणिक झटका सोसणारा सी-कर्व्हचा एमसीबी घ्या आणि दोन-तीन सर्किट करा. न्यूट्रलची वायर फेजपेक्षा बारीक टाकू देऊ नका, तिन्ही फेजवरच्या ड्रायव्हरांचे हार्मोनिक्स, म्हणजे 50 हर्ट्झच्या पटीतले जास्तीचे करंट, न्यूट्रलमध्ये एकत्र येतात. रात्री बंद केल्यावरही दिवा मंद चमकत असेल तर भूतबित काही नाही, स्विचमध्ये लाल इंडिकेटर आहे किंवा स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडतोय. दुसरं असेल तर ताबडतोब दुरुस्त करा, ते धोक्याचं आहे.

कळमन्याकडे तुमचे नातेवाईक कोल्ड स्टोरेजवाले किंवा डाळ मिलवाले असतील तर त्यांनाही सांगा. मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दिव्याची उष्णता कॉम्प्रेसरला पुन्हा बाहेर काढावी लागते, म्हणजे दुहेरी खर्च; तिथे एलईडी सगळ्यात लवकर पैसे फेडतो, आणि गारठ्यात तो खूशही असतो. डाळ मिलमध्ये आयपी-65, म्हणजे धूळ आत न घेणाऱ्या दिव्याशिवाय, काही लावू नये.

कोटेशनवर परत येऊन शेवटचं. दोन्ही विक्रेत्यांकडून दोन-दोन नमुने पैसे देऊन घ्या आणि शेडच्या सगळ्यात तापणाऱ्या कोपऱ्यात पंधरवडाभर लावा. क्लॅम्प मीटरने करंट पाहा. 100 वॅटचा दिवा 230 व्होल्टवर 0.45 ॲम्पिअरच्या आसपास ओढायला हवा. 0.3 ओढला तर तो 70 वॅटचाच आहे, 0.8 ओढला तर पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाचा वाटा, 0.5 च्या आसपास आहे. बिल केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेल्या सगळ्या करंटवर येत असेल, जसं एचटीला (उच्चदाब जोडणीला) येतं, तर तिथे वाचलेलं इथे गेलं. पॉवर फॅक्टर 0.9 च्या वर हवा. दिव्यावर बीआयएसची खूण आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. ड्रायव्हरसाठी आयएस 15885 आणि दिव्याच्या पूर्ण फिटिंगसाठी आयएस 10322 हे मानक आहेत. पूर्ण दिव्याचा एलएम-79 रिपोर्ट, म्हणजे उजेड आणि वॅट मोजलेली चाचणी, मागा. वॉरंटी तोंडी नको, बिलावर मॉडेल नंबरसह, आणि दिवा उतरवून पुन्हा चढवायचा खर्च कोणाचा हेही लिहून घ्या. नऊ मीटरवर स्कॅफोल्डिंग लावायचा खर्च दिव्याएवढा होतो.

उतरवलेल्या जुन्या ट्यूब आणि मेटल हॅलाइड मागच्या नाल्याजवळ फोडू देऊ नका, त्यांत पारा असतो आणि त्या ई-कचऱ्याच्या नियमात येतात. नोंदणीकृत रिसायकलरला द्या. लोखंडी चोक मात्र वेगळे काढा, आत तांबं किंवा ॲल्युमिनियम असतं, भंगारवाला वजनावर घेतो.

दुकानाचं काम दसऱ्याआधी उरका, नंतर वायरमन हाती लागत नाही. शेडचं हिवाळ्यात करा. वीस हायबेंसोबत त्याच मॉडेलचे दोन-तीन ड्रायव्हर जास्तीचे घ्या आणि ते ऑफिसच्या कपाटात ठेवा, पत्र्याखाली नको.